बुडालेली बारव

अभयारण्य होण्याआधी तिथं एक गाव होतं. धरण भरलं तेव्हा गाव बुडालं, आणि गावाची पायऱ्यांची बारवही. पुढे एका कडक उन्हाळ्यात धरण आटलं. बारव उघडी पडली, पण गाळानं भरलेली. तहानलेली सांबरीण पायरीवर येऊन थांबली.

"गाळ काढायला माणसं येतील," बारव तिला म्हणाली.

धरण हसलं. "कोण येणार? गाव मी कधीच बुडवलं."

सकाळी डोंगरापलीकडून माणसं आली, घमेली घेऊन. एकानं पूजेचा नारळ काढला. म्हातारी ठकूबाई म्हणाली, "चैत्रात आधी गाळ, मग नारळ. विसरलास होय रे?"

संध्याकाळी झरा मोकळा झाला. माणसं गेल्यावर सांबरीण पोटभर प्याली.

"पण गाव तर मी बुडवलं होतं," धरण पुटपुटलं.

"घरं बुडवलीस," बारव म्हणाली.