पाहिलं म्हणणारे पाच पंच

फार फार पूर्वीची गोष्ट आहे, लहानथोरांनो. डोंगराच्या पोटाशी एक गाव होतं. तिथली रीत अशी, की बियाणं कुणी आपल्या घरी ठेवायचं नाही. सगळ्यांचं ज्वारीचं बी एकाच थोरल्या कणगीत. कणगी सांभाळायला एक राखणदार, आणि राखणदाराचं काम बघायला गावानं निवडलेले पाच पंच.

महिन्यातून एकदा सकाळी पंचांनी यायचं, शिडी लावून चढायचं आणि बियात कोपरापर्यंत हात घालायचा. आत गरम लागलं, तर बी बिघडायला लागलं समजायचं आणि लगेच उपसून उन्हात पसरायचं. गार लागलं, तर ‘पाहिलं’ म्हणायचं. पंचांचं काम एवढंच. पण तेवढ्या एका शब्दावर सगळं गाव निर्धास्त असायचं.

गोजाबाई त्या पाचांतली एक. दाणा नुसता हुंगून तो कसा आहे ते सांगेल, अशी तिची ख्याती.

राखणदार म्हाकू माणूस मोठा लाघवी. पंच आले की घोंगडी अंथरायचा, गूळ-शेंगदाणे पुढे करायचा. एकदा म्हणाला, या वयात शिडी कशाला चढता, मीच वरचं मूठभर सुपात आणतो. पंचांना बरंच वाटलं. गुडघे कुरकुरत होतेच की! मग काय, सुपातलं बी बघायचं, गूळ खायचा, ‘पाहिलं’ म्हणायचं आणि घरी जायचं. अशी चांगली तीन वर्षं गेली.

चौथ्या साली मळणी घाईत उरकली. बी पुरतं वाळलं नव्हतं. माघातल्या फेरीला गोजाबाईनं सुपातले दाणे नाकाशी नेले, तर कुबट वास आला. शिडी लाव, मी चढते, हे तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण बाकीचे चौघे ‘पाहिलं’ म्हणून मोकळे झाले होते. त्यातून तिच्या आजारपणात याच म्हाकूनं पंधरा दिवस तिच्या घरी पाणी भरलं होतं. त्याच्यावर संशय घ्यायचा तरी कुठल्या तोंडानं?

तीही ‘पाहिलं’ म्हणाली आणि गुळाचा खडा तोंडात टाकला.

पेरणीच्या दिवशी कणगी उघडली. वरचं वीतभर बी तेवढं बरं दिसत होतं. खाली नुसता काळा, बुरसटलेला गठ्ठा. शेजारच्या गावांनी आपापलं बी पेरून टाकलेलं, मागायचं कुणाकडे? शेतं तशीच उघडी राहिली.

गाव म्हाकूवर धावून गेलं. तो पळाला नाही. गोजाबाईकडे बघत म्हणाला, “आत्या, पौषातच मला बी गरम लागलं होतं. सांगायची लाज वाटली. दर खेपेला वाटायचं, आज तुम्ही हात घालाल, मग मला बोलावंच लागेल. पण तुम्ही ‘पाहिलं’ म्हणायचा, आणि मी गप्प राहायचो.”

गोजाबाईला त्याचा राग आला होता, पण तोंडून शिवी निघेना.

“मला वास आला होता,” ती सगळ्यांदेखत म्हणाली. “मी बोलले नाही.”

पोळ्याच्या आत निम्मं गाव परमुलखाला निघून गेलं. गोजाबाईचा लेकही बायकोला घेऊन निघाला. वाकून पाया पडला आणि हळूच म्हणाला, “आई, एकदा विचारायचं तरी.”

तो पुन्हा आला नाही.

म्हातारी मागे राहिली. महिन्यातून एकदा ती शिडी लावायची, गुडघे धरत चढायची आणि रिकाम्या कणगीत कोपरापर्यंत हात घालायची. हाताला काही लागायचं नाही. तशीच खाली उतरायची आणि पायरीवर बसून रडायची.

तेव्हा एवढं ध्यानात ठेवा: गावानं ज्याला आपल्या वतीनं बघायला बसवलं, त्यानं भिडेखातर बघायचं सोडलं, तर त्याची शिक्षा सगळ्या गावाला भोगावी लागते.