न्हाणीतली खडबडीत फरशी

ज्या काळी घरांना कुलपं कमी आणि उंबरे उंच असत, त्या काळची ही गोष्ट.

एका राजाच्या धान्यकोठारावर एक राखणदार होता. आयुष्यभर त्याने एकच काम केलं. आलेल्या प्रत्येक पोत्यात कोपरापर्यंत हात घालायचा आणि तळाचे दाणे बाहेर काढून बघायचे. वर टपोरे गहू आणि खाली किडके, ही लबाडी त्याने इतक्यांदा पकडली होती, की पुढे पुढे त्याला माणसंही पोत्यांसारखीच दिसू लागली. कोणी गोड बोललं, की याच्या मनात पाल चुकचुकलीच म्हणून समजा.

म्हातारपणी त्याने नवं घर बांधायला काढलं. त्याची एकुलती एक लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. ती यायच्या आत घर उभं राहावं, तिला काही कमी पडू नये, एवढीच त्याची इच्छा. माणूस संशयी होता खरा, पण लेकीवर जीव टाकणारा होता.

भिंती झाल्या, छप्पर झालं. मग फरशी बसवायला एक म्हातारा गवंडी आला. त्याची कामाची रीत निराळीच. आल्या आल्या त्याने हत्यारं काढली नाहीत. ओट्यावर टेकला आणि विचारू लागला, "मालक, पहाटे उठून आधी कोण कुठं जातं? गुडघे कोणाचे दुखतात? पाणी कुठं सांडतं, तेल कुठं सांडतं?"

राखणदाराने कान टवकारले. घरात कोण, केव्हा, कुठे असतं, ही चौकशी चोराला हवी. गवंड्याला काय करायची आहे?

"घर माझं आहे," तो म्हणाला. "तू आपलं दगडांचं बघ."

दुसऱ्या दिवशी फरशांची गाडी आली. वर काळ्या गुळगुळीत फरशा होत्या, तोंड पाहून घ्यावं अशा. राखणदाराने सवयीप्रमाणे तळाशी हात घातला. हाताला खडबडीत दगड लागला.

"हे काय?"

"वरच्या बैठकीला, मालक. चरा पडू नये म्हणून वर ठेवल्यात. मधल्या घट्ट दगडाच्या, त्या स्वयंपाकघराला. हळद-तेल पीत नाहीत. तळच्या खडबडीत न्हाणीला. ओला पाय धरून ठेवतात."

राखणदार हसला. धान्याचा लबाड व्यापारी सापडला की तो असाच हसायचा. "वर चांगलं, तळाला टाकाऊ. चाळीस वर्षं मी हेच पकडत आलोय. खाणीतला उरलेला माल माझ्या लेकीच्या न्हाणीत खपवतोस होय?"

"मालक, बाळंतीण तिथं तेल लावून न्हाणार. म्हणून सांगतोय."

"लेक बाळंतपणाला येणार, हे तुला कोणी सांगितलं?"

"अंगणात पाळणा रंगवून वाळत ठेवलाय तुम्ही," गवंडी म्हणाला.

म्हणजे हा आपल्या अंगणावरही नजर ठेवून आहे! राखणदाराची आता खात्रीच पटली. त्याने गाडी ठेवून घेतली आणि गवंड्याला वाटेला लावलं. सांगेल ते ऐकणारा दुसरा कारागीर आणला. सगळ्यात चकचकीत फरशा त्याने लेकीच्या न्हाणीत बसवल्या. खडबडीत बैठकीत घातल्या. बाहेरची माणसं बसणार, त्यांना चांगलं कशाला?

लेक आली, सुखरूप बाळंत झाली. नात झाली. तिसऱ्या दिवशी सुईण तेलाची वाटी घेऊन न्हाणीत शिरली आणि पाऊल टाकताच मागे सरकली. हिसक्याने थोडं तेल खाली सांडलं.

"दादा, इथं मी बाळंतिणीला न्हाऊ घालायची नाही. पाय ठरत नाही."

राखणदाराने डोळे बारीक केले. "तो गवंडी तुझा कोण लागतो?"

"कोण गवंडी?"

"बरोबर. तू असंच म्हणणार. बाजूला हो, मीच उभा राहून दाखवतो."

त्याने तांब्याभर पाणी ओतलं आणि आत शिरला. पहिलं पाऊल ठरलं. दुसरं तेलावर पडलं. पुढचं काही त्याच्या हातात राहिलं नाही.

मांडीचं हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. आडवा पडल्या पडल्या त्याला उंबऱ्यापाशी लेकीचे अनवाणी पाय दिसले. कुशीत बाळ घेऊन ती घाबरून आत धावायच्या बेतात होती. तेव्हा तो ओरडला, तो दुखण्याने नव्हे. "पोरी, आत येऊ नकोस!"

चार महिने तो अंथरुणावर होता. मग त्याने त्याच गवंड्याला निरोप धाडला. म्हातारा आला. राग नाही, टोमणा नाही. ओट्यावर टेकला आणि म्हणाला, "मालक, पहाटे उठून आधी कोण कुठं जातं?"

राखणदाराने या वेळी सगळं सांगितलं. "आधी मी उठतो. काठी टेकत न्हाणीत जातो. उजवा पाय उचलत नाही. माझ्यामागून लेक येते, तिच्या कडेवर पोर असते, हातात तेलाची वाटी असते."

गवंड्याने बैठकीतल्या खडबडीत फरशा उचलल्या आणि न्हाणीत बसवल्या. काम झाल्यावर राखणदार खाली वाकला, जुन्या सवयीने त्याने दगडावरून हात फिरवला. तळहाताला टोचलं. बराच वेळ त्याने हात तिथेच ठेवला. पुढे ती नात याच न्हाणीत, ओल्या पायांनी, कोणाचं बोट न धरता उभी राहायला शिकली. आजोबा मात्र जन्मभर लंगडत राहिले.

तात्पर्य: दगडाचा गुण जागेवर ठरतो, चकाकीवर नव्हे, आणि जो सगळ्यांत लबाडी शोधतो, त्याला हिताचा शब्द ऐकूनही कळत नाही.