तिमव्वाचं वळण

फार वर्षांपूर्वी, माणदेशात मोटार कुणी बघितली नव्हती आणि पाऊस लागोपाठ दोन साल पाठ फिरवून बसला होता, तेव्हाची ही गोष्ट. शिरसकोंडच्या माळावर वडारांची पाच पालं उतरली. दुष्काळी कामावर खडी फोडायला आलेली माणसं होती ती. त्यांच्यात तिमव्वा नावाची आठ वर्षांची पोर होती. रस्ता झाला, पालं उठली. पण तिमव्वाचा बाप तापानं आडवा झाला तो उठलाच नाही. त्याला माळावर माती दिली आणि मायलेकी तिथंच राहिल्या. पुढं शंभर वर्षं तिमव्वानं तो माळ सोडला नाही.

असं म्हणतात, की दगडाला कान लावला की तिला आतली चीर ऐकू यायची. दुसरे जिथं दहा घाव घालत, तिथं ती एक घाली आणि धोंडा भाकरीसारखा दुभंगे. तिनं आणि तिच्या नवऱ्यानं, हणमंतानं, पंचक्रोशीत सतरा विहिरी खणल्या. पाणी लागलं की गाव नारळ फोडी, हळदकुंकू वाही. आणि दुसऱ्या दिवसापासून वडारांनी त्या विहिरीला शिवायचं नाही. मग तिमव्वा घागर घेऊन लांब उभी राही. कुणाला दया आली तर वरून पाणी ओती.

दिवस गेले. गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, आला. गाव घरं सोडून शेतात झोपड्या घालून राहिलं, दुखणाईत मागं पडले. तेव्हा वेशीतून आत गेली ती एकटी तिमव्वा. घरोघर फिरून तिनं पाणी पाजलं, अकरा जण जगवले. त्या दिवसांत तिच्या हातचं पाणी सगळ्यांना चाललं. ताप गेला, गाव परत आलं, आणि तिमव्वा पुन्हा घागर घेऊन लांब उभी राहिली.

हणमंता सुरुंग उडवताना गेला. साहेब गेला, राजे गेले. चावडीपुढं पहिला झेंडा चढला, त्याच्या कट्ट्याचा दगड तिनंच घडवला, तेव्हा ती ऐंशीला टेकली होती. असं म्हणतात, की नव्वदीनंतर तिला नवे दात आले आणि ती पुन्हा हुरडा खायला लागली. लहानथोर सगळे तिला आव्वा म्हणायला लागले. पण घागरीला मात्र वरूनच पाणी मिळायचं.

मग बहात्तर साल आलं. सतराच्या सतरा विहिरी तळाला गेल्या. माणसं पुन्हा खडी फोडू लागली, सरकारनं वाटलेली सुकडी खाऊन दिवस काढू लागली. जनावरं छावणीला गेली, आणि एक दिवस चावडीवर ठरलं, की आता गाव उठवायचं. सर्जेराव सरपंच होते. ते शेवटचा विचार घ्यायला म्हणून माळावर आले.

"आव्वा, तुझं वय झालंय. तुला गाडीत घालून नेतो," ते म्हणाले.

"मी कुठं येत नाही," आव्वा म्हणाली. "पाणी आहे. तुम्ही उभे आहात त्या रस्त्याखाली आहे."

सर्जेरावांनी पायाखाली बघितलं.

"माझा बाप हितं खडी फोडत होता. पहार लागली तशी ओल वर आली. मी बोट लावून चाखली होती. पण साहेबाला रस्ता पाहिजे होता, पाणी नको होतं. त्यानं वर मुरूम घालायला लावला."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"सतरा दाखवल्या की. त्यातल्या एकीवर तरी मला पोहरा सोडू दिला का?"

आव्वा पुढं बोलली. "या विहिरीवर रेघ ओढायची नाही. ज्याला तहान, त्याचा पोहरा. कबूल असेल तर पहार आणा."

"आव्वा, सरकारी रस्ता आहे हा."

"माझ्या बापानं केलाय. कुणी विचारलं तर माझ्याकडं पाठवा."

सर्जेरावांनी सगळ्या गावाला माळावर बोलावलं आणि सगळ्यांदेखत शब्द दिला. पहिली पहार त्यांनीच मारली. एकवीस दिवस गाव खणत होतं. पस्तीस हातांवर काळा पाषाण लागला. पहारी बोथट झाल्या, पाण्याचा टिपूस नाही. माणसं कुजबुजायला लागली, की म्हातारीला भ्रम झाला. त्यातच भर दुपारी तालुक्याहून ओव्हरसियर सायकल हाणत आला, काम थांबवायचा कागद घेऊन.

आव्वा म्हणाली, "मला खाली सोडा."

एकशे चार वर्षांच्या बाईला त्यांनी मोठ्या पाटीत बसवलं आणि दोरानं खाली सोडलं. तिनं पाषाणाला कान लावला. मग तिनं घण मागितला. असं म्हणतात, की पहिला घाव लोखंडासारखा वाजला. दुसरा मडक्यासारखा वाजला. तिसऱ्याचा आवाज कुणी ऐकला नाही, कारण तेवढ्यात पाणीच गर्जलं. पाटी वर ओढेपर्यंत ती कमरेइतकी भिजली होती, आणि हसत होती.

पहिला पोहरा वर आला. तो कुणाचा, म्हणून सगळे आव्वाच्या तोंडाकडं बघत राहिले. तिनं ओव्हरसियरकडं बोट दाखवलं. उन्हानं त्याचे ओठ फुटले होते.

"त्याला द्या. लांबून आलाय. कागद मग बघू."

तो पोटभर प्याला. मग त्यानं कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि म्हणाला, "रस्ता असा थोडा डावीकडून घेता येईल." दुसरा पोहरा आव्वानं स्वतः ओढला. तिनं कुणाला दोर धरू दिला नाही. शंभर वर्षांत तिची घागर पहिल्यांदा तिच्या हातानं भरली. गाव उठलं नाही.

आव्वा त्यानंतर चार वर्षं जगली. गेली तेव्हा तिला खांद्यावर घ्यायला सगळं गाव लोटलं. पुढचा खांदा सर्जेरावांचा होता. विहिरीच्या वरच्या अंगाला, रस्ता वळतो तिथं तिला माती दिली. समाधीवर एकच अखंड शिळा आहे. असं म्हणतात, की कितीही ऊन असो, ती हाताला गार लागते.

तो रस्ता आता डांबरी झालाय, पण विहिरीपाशी अजून डावीकडं वळतो. त्याला तिमव्वाचं वळण म्हणतात. समाधीशेजारी रांजण आहे आणि तो भरायची पाळी घराघरावर फिरते. आजवर एकही पाळी चुकली नाही. चैत्रात विहिरीचा गाळ काढतात तेव्हा सगळी आळी-वस्ती एकाच दोराला लागते. गाळ निघाला की पहिला पोहरा गावातलं कुणी पीत नाही. वळणावर उभं राहायचं, आणि जो पहिला वाटसरू येईल, मेंढका असो, ट्रकवाला असो की मोठा साहेब, त्याला थांबवून त्याच्या ओंजळीत ओतायचा. त्याचं पिऊन होईपर्यंत त्याला नाव विचारायचं नाही, गाव विचारायचं नाही, जात तर नाहीच नाही.