मगदूमांचा डबा

"मग किल्ली मला का नाही, माई?"

ऋतुराज कुंभोजकर हे तिसऱ्यांदा विचारत होता. जयसिंगपूरच्या त्या कंपनीत त्याला तीन वर्षं झाली होती. वर आठ संगणक, खाली दूध संघाचे टँकर. आसपासच्या चारशे संकलन केंद्रांवर रोज पहाटे दुधाचं फॅट मोजलं जायचं ते ह्यांच्याच सॉफ्टवेअरवर, आणि त्यातलं अर्ध्याहून जास्त ऋतुराजच्या हातचं. निदान त्याचं म्हणणं तरी तसं होतं.

शालिनी मगदूम, म्हणजे सगळ्यांच्या माई, साठीला टेकल्या होत्या. कंपनीच्या सॉफ्टवेअरची पहिली ओळ त्यांनीच लिहिलेली. जगभरचे प्रोग्रामर आपली तयार पॅकेजं, म्हणजे कुणालाही वापरता येतील असे प्रोग्रामचे तुकडे, जिथे मांडतात, त्या सार्वजनिक रजिस्ट्रीला त्या बाजार म्हणत. कंपनीची स्वतःची पॅकेजं असत ती खाजगी रजिस्ट्री म्हणजे कोठार. कोठारात काही ठेवायचं तर माईंची किल्ली लागे. किल्ली कसली, संगणकाला लावायची बोटभर काळी कांडी. पण ती लावून ठेवलेलं पॅकेज दुसऱ्या पहाटे चारशे केंद्रांवर पोचलेलं असे.

"काल काय झालं, सांग."

"काल माझी चूक नव्हती."

"चूक कुणाची, ते कुठं विचारलं मी?"

ऋतुराजने सांगितलं. फॅट मोजायचं त्याचं पॅकेज कोठारात होतं, दोन नंबरची आवृत्ती. त्याच नावाचं दुसरं एक कुणा टवाळाने बाजारात मांडून ठेवलं होतं, नंबर नव्याण्णव. ऋतुराजने संगणकाला सांगून ठेवलेलं, दोन्हीकडे बघत जा. संगणकाने दोन्हीकडे बघितलं आणि बाजारातलं उचललं. नशीब, चाचणीच्या मशीनवरच कळलं. म्हशीच्या दुधाचं फॅट दिसायचं तिथे वाकुल्या दाखवणारं माकड आलं.

माई खो खो हसल्या. ऋतुराजला मात्र हसू येईना.

"मशीनच बिनडोक, माई! नाव तेच, आकडा मोठा, एवढ्यावर उचलायचं? कुणाचं आहे, कुठनं आलं, बघायला नको? माणूस असं करील का?"

"नाही करणार?"

"शाळेतलं पोरसुद्धा नाही करणार."

"बरं..." माईंनी घड्याळाकडे पाहिलं. "भूक लागली बघ. खाली टँकरवाल्यांच्या खोलीत फळीवर माझा डबा आहे. आण जा. नाव आहे त्यावर."

ऋतुराज दोन दोन पायऱ्या उतरत गेला. फळीवर मगदूम नावाचे दोन डबे होते. एक छोटा, कडेला चेपलेला. दुसरा चांगला चार कप्प्यांचा, चकचकीत. त्याने चकचकीत डबा उचलला आणि वर आणून माईंच्या पुढ्यात ठेवला.

माईंनी डबा उघडला. पहिल्या कप्प्यात नट. दुसऱ्यात बोल्ट. तिसऱ्यात एक पाना आणि ग्रीसने माखलेलं फडकं. चौथा त्यांनी उघडलाच नाही.

"हा सर्जेराव मगदूमचा. आपला टँकरवाला." त्यांनी एक बोल्ट बोटांत धरून निरखला. "भाकरीबरोबर तोंडी लावायला बरा आहे. हाच का आणलास रे?"

"नाव तेच होतं... आणि हा मोठा..."

ऋतुराजचे कान लाल झाले.

डबा घेऊन तो पुन्हा खाली गेला, ह्या वेळी एकेक पायरी. छोटा डबा हातात घेऊन त्याने सर्जेरावलाच गाठलं आणि हा कुणाचा म्हणून विचारलं.

"माईंचाच की त्यो," सर्जेराव म्हणाला. "आन् माझा पाना कुठं नेलतासा, सायेब?"

तो वर आल्यावर माईंनी डबा उघडला, भाकरी मोडली आणि अर्धी त्याच्यापुढे सरकवली.

"चूक माझीच होती, माई," ऋतुराज म्हणाला. हे बोलायला त्याला जड गेलं, पण बोलून टाकल्यावर मोकळं वाटलं. "आजपासून बाजार बंद. बाहेरचं एकही पॅकेज नको. सगळं आपणच लिहायचं."

"सगळं?"

"सगळं."

"...ठेचा कसा झालाय?"

"फक्कड!"

"वाटला मी. मिरची बाजारातली."

ऋतुराजचा घास हातातच राहिला.

हात धुऊन तो संगणकापाशी बसला. 'दोन्हीकडे बघ' ही जुनी ओळ त्याने खोडली. आपल्या पॅकेजांसाठी फक्त कोठार, असं लिहिलं. बाजारातलं जे लागेल ते आधी पारखायचं, कोठारात आणून ठेवायचं आणि मग वापरायचं, असंही लिहिलं. माई पाठीमागे उभं राहून वाचत होत्या.

मग त्यांनी पर्स उघडली आणि बोटभर काळी कांडी त्याच्यापुढे धरली.

"घे."

तीन वर्षं त्याने ह्याच क्षणाची वाट पाहिली होती. हात झटकन पुढे गेला... आणि अर्ध्यावर थांबला.

"माई... ही कोठाराचीच ना?"

माईंनी कांडी परत पर्समध्ये टाकली. ऋतुराजचं तोंड एवढंसं झालं.

त्यांनी सावकाश पदराची गाठ सोडली. आतून अगदी तशीच दुसरी कांडी काढून त्याच्या तळहातावर ठेवली.

"त्यात माझी भजनं आहेत," माई म्हणाल्या. "किल्ली ही."