जपानची उष्टी गाडी

मंगळवार, सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटे. चिंचगड संस्थानाच्या राजवाड्यासमोर एक काळी जपानी गाडी उभी होती आणि तिच्या बाजूला हात जोडून तुळाजी ड्रायव्हर उभा होता.

गाडी जुनी, जपानमधल्या एका निर्यातदाराकडून मागवलेली. त्रेसष्ट फोटो आणि तिकडच्या लिलावात गाडीची तपासणी करून लिहिलेला कागद पाहून तुळाजीनेच ती निवडली होती. दृष्ट लागावी अशी गाडी! सायीच्या रंगाची कातडी आसनं, दार लावलं तरी आवाज नाही. महाराज उदयभान मागे बसले, ऐसपैस टेकले, आणि आसनाच्या फटीत त्यांच्या बोटांना चॉकलेटचा कागद लागला.

"हा कुणाचा?"

तुळाजीला खरं बोलायची खोड. आधीच्या मालकाचा असेल, म्हणाला. महाराज विंचू चावल्यासारखे बाहेर आले. जुनी गाडी म्हणजे जुन्या तांदळासारखी, ठेवून ठेवून मुरलेली, असा त्यांचा समज होता. हिच्यात तर कुणीतरी बसलेलं. म्हणजे उष्टी!

दरबार भरला. आधीच्या मालकाचं नाव एकाही कागदावर नव्हतं. महाराजांनी हुकूम सोडला की तो कोण, ते सूर्यास्तापर्यंत सांगा. आमच्याहून हलका निघाला तर गाडी उष्टी, आणि तुळाजीने ती ढकलत जपानला परत न्यायची. मध्ये समुद्र आहे, असं कुणीतरी पुटपुटलं. तो तुळाजीचा प्रश्न, असं उत्तर आलं. मालक आमच्याहून थोर निघाला तर गाडी प्रसाद. मात्र आमच्याहून थोर कुणी आहे असं म्हणेल तो तुरुंगात.

दरबारात दोनशे पगारी शहाणे होते. एकानेही तोंड उघडलं नाही. जेवायच्या वेळी मात्र सगळ्यांनी उघडलं.

तुळाजीची मुलगी सगुणा राजवाड्यातल्या गाड्या धुवायची. दुपारी तिने पाहिलं, बाप गाडी ढकलून बघत होता. गाडी वीतभर सरकली आणि म्हातारा धापा टाकत खाली बसला. साबणाचे हात ओढणीला पुसत ती तडक दरबारात गेली.

"मालक कोण ते सांगते, महाराज. आधी एक विचारू?"

"विचार."

"सकाळी बाळराजांनी अर्धी चावलेली जिलेबी तुम्ही खाल्लीत. अख्ख्या वाड्याने पाहिलं. ती उष्टी नव्हती?"

"वेडी आहेस का पोरी? लेकराचं कधी उष्टं असतं होय!"

सगुणा चोपदाराकडे वळली. "काका, महाराज आले की तुम्ही जे ओरडता, ते म्हणा बघू."

चोपदाराने छाती फुगवली. "सप्तद्वीपांचे पालनकर्ते, तिथल्या अखिल प्रजेचे मायबाप, श्रीमंत..."

"पुरे. महाराज, जपान या सात द्वीपांच्या आत की बाहेर?"

महाराज अडकले. बाहेर म्हणावं तर पदवीला कात्री लागते.

"आत," ते नाइलाजाने म्हणाले.

"मग तो मालक तुमचंच लेकरू. हलकाही नाही, थोरही नाही. पोराने बापाच्या गाडीत चॉकलेट खाल्लं आणि कागद तिथेच टाकला. आता लेकराचं उष्टं नसतं, हे मी नाही म्हणत."

महाराजांचं पोट आधी हललं, आवाज मागून आला. हसता हसता मुकुट कानावर उतरला.

"कार्टं आमचंच! दुसऱ्या कुणाचं एवढं घाणेरडं असणार?"

तुळाजी सुटला. महाराजांनी गळ्यातला कंठा काढून सगुणाला दिला आणि संस्थानातल्या सगळ्या गाड्यांचा कारभार तिच्या हाती सोपवला. मग ते गाडीत बसले, पाय पसरले. तुळाजीने किल्ली फिरवली आणि मीटर पाहिला.

जहाजावर चढवताना काढलेल्या फोटोत किलोमीटरचा आकडा होता अडतीस हजार दोनशे. आता होता बेचाळीस हजार सहाशे. इकडच्या बंदरापासून राजवाड्यापर्यंत गाडी ट्रकवरून आली होती. एकही चाक रस्त्याला टेकलं नव्हतं. सगुणाने निर्यातदाराला विचारलं, जहाजाच्या कप्तानाला विचारलं, बंदरावरच्या साहेबाला विचारलं. चार हजार चारशे किलोमीटर ही गाडी भर समुद्रात कुठे फिरत होती, याचं उत्तर अजून कुणीही दिलेलं नाही.