वेळूसरचा वाढता दिवा

दिवे घासून पाटावर मांडलेत ना? मग बसा, वाती वळता वळता ऐका. ही हणमव्वाची गोष्ट.

फार वर्षांपूर्वी वेळूसरच्या तळ्याला काठ होता, पण आसरा नव्हता. वारा सुटला की पैलतीराहून येणाऱ्या नावा खडकांवर फुटायच्या. म्हणून गावाने लाटा अडवायला पाण्यात दगडी बांध घालायचं ठरवलं. तेलंगणातून हणमव्वा नावाची वडारीण आली. नवरा नाही, मूल नाही; पहार आणि हातोडा एवढाच संसार. तिने चुन्याशिवाय दगडात दगड बसवला. लाट थकायची, बांध थकायचा नाही, असं म्हणतात.

बांधाच्या टोकाला तिने कमरेएवढा खांब उभा केला, वर दगडी देवळी बसवली आणि नावांसाठी तिच्यात दिवा ठेवला. तेल गावच्या देवळातून यायचं. रोज उजाडलं की गुरवीण गोदाई काठावरून हाक मारायची, "हणमव्वा, दिवा वाढव गं!"

आपण दिवा विझव म्हणत नाही, अशुभ. वाढव म्हणतो. पण परमुलखातल्या बाईला हे कुठून ठाऊक? वाढव म्हणजे वाढव. ती देवळी उतरवायची, खांबावर एक थर चढवायची, देवळी पुन्हा वर ठेवून दिव्यात तेल घालायची.

नावाडी हसायचे. "हणमव्वा, उन्हात दिवा कुणाला? सूर्य वाट चुकेल म्हणून?"

"गोदव्वा सांगते, मी करते," ती म्हणायची.

खांब ताडाएवढा झाला. देवळातलं तेल सरत आलं. आषाढातल्या दिव्याच्या अवसेला पंच गोदाईला म्हणाले, "आज तिला स्पष्टच सांगा, विझव म्हणून."

गोदाई बांधावर गेली. त्याच सकाळी तिची लेक सगुणा पहिल्या बाळंतपणाला पैलतीराहून नावेने निघाली होती. गोदाईने तोंड उघडलं, पण तो शब्द जिभेवर येईना. लेक पाण्यावर असताना आई तो कसा उच्चारील? डोळे पुसत ती म्हणाली, "वाढव गं बाई. अजून वाढव."

आणि भर दुपारी आभाळ खाली आलं. काळोख इतका, की नावाड्याला हातातलं वल्हं दिसेना. लाटा बांधावरून जाऊ लागल्या. जुन्या कमरेएवढ्या खांबावरचा दिवा पहिल्याच लाटेत गेला असता. हणमव्वा खांबावर चढली, वाऱ्याला पदर आडवा धरला. लाट वर आली की खांबही वर जायचा, असं म्हणतात.

त्या उजेडावर नाव बांधाच्या आत आली. सगुणेने काठावर पाय ठेवून मागे पाहिलं. दिवा जळत होता. हणमव्वा नव्हती.

वारा पडल्यावर पंचांनी थर मोजले. गोदाईच्या हाकांपेक्षा एक जास्त भरला. त्यावर छिन्नीचा एकही घाव नव्हता.

सगुणेला मुलगी झाली, तिचं नाव हणमव्वा ठेवलं. गुरवांच्या त्या घरात दर पिढीला एक हणमव्वा असते. पहिलटकरीण माहेरी आली की आधी बांधाच्या टोकाशी सपाट दगड ठेवते, मग घरचा उंबरा ओलांडते. आणि उजाडताना गुरवीण आजही काठावरून हाक मारते, "हणमव्वा, दिवा वाढव गं!"

मग स्वतःच खांबाशी जाते आणि दिव्यात तेल घालते.