जुन्या भिंतीलगतची रोपं

फार वर्षांपूर्वी, चहूकडे वाळूच वाळू असलेल्या एका मुलखात दोन बहिणी राहत. थोरली हलीमा विधवा होती. ती मिठागराजवळच्या रखरखीत वस्तीत एकटीच राहायची. धाकटी नूरा मात्र हिरव्यागार मरूद्यानात नांदत होती. तिथे झऱ्याचं पाणी पाटांतून खेळे, डाळिंबं लगडत आणि बागांपलीकडे एका प्राचीन नगराचे पडके खांब उभे होते.

एकदा हलीमा बहिणीकडे आली. नूराने तिला मिठी मारली, बाग दाखवली, ताजे खजूर पुढे केले. पण हलीमाने खजूर तसेच ठेवले आणि ती मनात म्हणाली, 'एकाच आईच्या लेकी आम्ही. हिच्या दारात गोड पाणी वाहतं आणि मी खारट पाण्यावर दिवस काढते!'

मग नूरा तिला पडक्या नगरात घेऊन गेली. तिथल्या एका जुन्या भिंतीच्या सावलीत खजुराची कोवळी रोपं होती.

"ताई, ही जगली पाहिजेत बघ. माझा सगळा जीव यांच्यात अडकलाय."

'एवढी बाग आहे, तरी हिची हाव संपत नाही,' हलीमा मनात म्हणाली.

इतक्यात निरोप आला, पलीकडच्या गावात नूराची नणंद बाळंत होणार होती. नूरा घाईने निघाली.

"ताई, आपली पाण्याची पाळी आली की बांध फोडून रोपांना पाणी सोडशील ना?"

"सोडीन की. तू जा निश्चिंत."

पाळी आली. पाटातून पाणी खळखळत आलं. हलीमा फावडं घेऊन बांधापाशी गेली. जराशी माती ओढली असती तरी पुरे होतं. पण तिने फावडं बाजूला टाकलं. 'कळू दे हिलाही, कोरडं पडणं म्हणजे काय ते!' पाणी तसंच पुढे दुसऱ्यांच्या बागेत निघून गेलं.

नूरा काही दिवसांनी परतली तेव्हा रोपं करपली होती. ती त्यांच्याजवळ बसून रडू लागली.

"एवढं काय रडतेस? तुला काय कमी आहे?" हलीमा म्हणाली.

"माझी नव्हती गं ती! भाऊजी गेल्यापासून तू एकटी आहेस. पंच म्हणाले होते, या पडीक जागेत यंदा रोपं जगवून दाखव, मग जागा तुझ्या बहिणीला देऊ. जागा मिळाली की तुला सांगणार होते."

"नूरा, पाणी मीच सोडलं नाही," हलीमा कशीबशी म्हणाली.

नूराने तिच्याकडे नुसतं पाहिलं. मग ती करपलेली रोपं उपटू लागली.

पंचांनी ती जागा दुसऱ्या कुटुंबाला दिली आणि हलीमा उंटावर बसून आपल्या खारट विहिरीकडे परत निघाली.

तात्पर्य इतकंच: दुसऱ्याच्या सुखावर जळणाऱ्याला त्या सुखात आपल्यासाठी राखलेला वाटा दिसत नाही.